सिस्टर, एक विचारू? : उलटीच्या गोळ्या आणि त्यांचे उद्योग

गेल्या अंकात केमोनंतर काय खावं काय नको यावर लिहिलं होतं, पण त्यावर जे मेसेज आले त्यात खाण्याबद्दल थोडे आणि उलटीच्या गोळ्यांबद्दलच ढीगभर. कुणाला संडास होत नाहीये, कुणी रात्रभर टक्क जागं, कुणाची मान वाकडी झाली. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मी डेकेअरमधे केमो लावणारी सिस्टर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी किती मिलिग्रॅम घ्यायची ते तुमच्या फाईलवर ज्यांची सही आहे त्यांनाच विचारायचं. मी काय कशामुळे होतंय आणि कधी लगेच फोन लावायचा तेवढं सांगते.

प्रश्न : सिस्टर, आईचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता दर 21 दिवसांनी ती लाल औषधाची केमो चालू आहे. उलटी फारशी होत नाही पण केमोच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस संडासच नाही, पोट टम्म, डोकं ठणकतंय. मावशी म्हणते एरंडेल दे, शेजारच्या काकू म्हणतात एनिमा देऊन टाक मोकळी होईल. आईला वाटलं हे उलटीच्या गोळीनेच होतंय म्हणून तिने आम्हाला न सांगता गोळी बंद केली आणि त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या. काय करू? — एक मुलगी, कोल्हापूर

उत्तर : अगं, आईचा संशय अगदी बरोबर आहे, फक्त इलाज तिने उलटा केला. तिची गोळी बहुतेक ऑन्डॅन्सेट्रॉन असणार, जिभेवर विरघळणारी किंवा साधी. केमोचं औषध रक्तात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन भसाभस सोडतात, ते तिथल्या नसांना डिवचतं आणि मेंदूला निरोप जातो की ओकून टाक. ही गोळी तो निरोपच अडवते. पण तेच सेरोटोनिन आतडं पुढे ढकलायचं कामही करत असतं, ते पण अडतं, म्हणून आतडं सुस्त पडतं. वर आई खाते कमी, पाणी पिते कमी, दिवसभर पडून असते, मग काय होणार. डोकेदुखी पण याच गोळीची, ऑन्डॅन्सेट्रॉनची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार तीच.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे एनिमा अजिबात नाही, गुदद्वारातून घालायची बत्ती पण नाही. केमोनंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेलेल्या असतात, तिथे नुसतं खरचटलं तरी इन्फेक्शन रक्तात जाऊ शकतं. काकूंना माझा नमस्कार सांग पण ऐकू नकोस. एरंडेल पण नको, मुरडा येतो आणि आधीच पाणी कमी असलेल्या माणसाचं आणखी पाणी जातं. इसबगोल लोक विचार न करता देतात, पण त्याला भरपूर पाणी लागतं, ज्या बाईला दोन घोट पाणी जात नाहीये तिच्या पोटात ते लगद्यासारखं बसून राहील. डॉक्टर बहुधा लॅक्ट्युलोजचं गोडसर सिरप किंवा पाण्यात कालवायची मॅक्रोगॉलची पावडर किंवा रात्री बिसाकोडिलची गोळी देतील. आणि महत्त्वाचं म्हणजे हे बद्धकोष्ठ झाल्यावर नाही, पुढच्या केमोच्या दिवसापासूनच चालू करायचं. दुखण्यासाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू असेल तर तेही सांग, दोन्ही मिळून आतडं जामच करतात.

अजून एक गोष्ट फाईल उघडून बघ. केमोच्या दिवशी सलाईनमधून पॅलोनोसेट्रॉन दिलंय का? ते ऑन्डॅन्सेट्रॉनचंच भावंड पण अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं, निम्मं उतरायलाच साधारण 40 तास लागतात. ते दिलेलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस वरून परत ऑन्डॅन्सेट्रॉन रोज तीनदा घ्यायची खरंच गरज आहे का हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, बऱ्याचदा ती गोळी "मळमळलं तरच" अशी करून मिळते आणि संडासचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. पण विचारून, आईसारखं गुपचूप नाही.

डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं, पण गोळी देण्याआधी थर्मामीटर लाव. केमो चालू असताना 100.4 फॅरनहाइट म्हणजे हॉस्पिटलला फोन करायचा ताप, आणि आधीच पॅरासिटामॉल पोटात गेलं तर तो ताप दिसतच नाही. पोट फुगलंय, वारा सरत नाही आणि उलट्याही होतायत असं तिन्ही एकदम असेल तर ते साधं बद्धकोष्ठ समजून घरी थांबायचं नाही, आतड्याला अडथळा असू शकतो, सरळ कॅज्युअल्टी.

प्रश्न : आमच्या ह्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, सिस्प्लॅटिन चालू आहे. शुगर आधीपासून आहे पण गोळीवर कंट्रोल होती. केमो झाली की तीन रात्री झोप नाही म्हणजे नाही. परवा रात्री दोनला उठून माळा काढला, सगळे खिळे-स्क्रू डब्यात वेगवेगळे लावत बसले, मुलगा काही बोलला तर त्याच्यावर खेकसले, एरवी आवाज न चढवणारा माणूस. उचकी लागते ती तास न् तास जात नाही. सकाळची उपाशीपोटी शुगर नॉर्मल असते म्हणून निश्चिंत होते, तर ब्लड टेस्टच्या दिवशी दुपारी 340 निघाली. मग चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम गळून जातात, रडतात सुद्धा. डोक्यात गेलाय का कॅन्सर? — नाशिकच्या एक वाचक

उत्तर : वहिनी, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून डेकेअरमधली कुठलीही सिस्टर एकच शब्द बोलेल, डेक्सा. डेक्सामेथासोन, स्टेरॉइड आहे, उलटीसाठी देतात, आणि सिस्प्लॅटिनसारख्या केमोत ते लागतंच कारण सिस्प्लॅटिनची उलटी पहिल्या दिवशी संपत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत डोकं वर काढते. औषध गुणाचं आहे पण ते माणसाला चढतं. झोप उडते, भूक वाढते, चेहरा लाल होतो, ॲसिडिटी होते, चिडचिड होते. माळा आवरणं तर मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता मला त्याचं काही वाटत नाही. आणि गोळ्या संपल्या की चढलेला माणूस धप्पकन खाली येतो, ती तुमची चौथ्या-पाचव्या दिवसाची रड. मुलाला हे नीट समजावून सांगा, बाबा चिडले नव्हते, डेक्सा चिडलं होतं.

झोपेसाठी सोपी गोष्ट आधी बघा, गोळी कधी घेताय? सकाळ-संध्याकाळ लिहिलेली असेल तर संध्याकाळची दुपारी दोनच्या आत घेतली तर चालेल का, किंवा सगळीच सकाळी नाश्त्याबरोबर घेता येईल का, हे विचारा. निम्म्या लोकांची झोप त्यानेच परत येते.

शुगरचं मात्र जपा. स्टेरॉइडची शुगर जेवणानंतर आणि दुपारनंतर वर जाते, सकाळी उपाशीपोटी छान दिसते, म्हणून तुम्ही फसलात. डेक्साच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री जेवायच्या आधी तपासा, वहीत लिहा आणि ती वही केमोच्या आधी डॉक्टरांपुढे ठेवा. त्या तीन-चार दिवसांपुरता औषधाचा डोस वाढवतात किंवा थोडं इन्सुलिन देतात. तहान, सारखी लघवी, गुंगी असेल आणि आकडा खाली येत नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

उचकी पुरुषांना जास्त लागते, आणि सिस्प्लॅटिन अधिक डेक्सा ही जोडी त्यासाठी बदनामच आहे. उलटीसाठीच देतात ते तिसरं औषध ॲप्रेपिटंट, तीन दिवसांच्या पॅकमधे येणाऱ्या कॅप्सूल, त्यानेही उचकी लागते. साखर चघळणं, श्वास रोखणं हे करून बघा, नुकसान काही नाही. नाही थांबली तर डेक्साऐवजी दुसरं स्टेरॉइड देऊन बघतात किंवा उचकीवरची गोळी देतात, पण सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? उचकीसाठी कोण फोन करतं म्हणून लोक गप्प बसतात आणि माणूस जेवत नाही, झोपत नाही.

कॅन्सर डोक्यात गेलाय का, ही भीती मनात ठेवू नका, डॉक्टरांना विचारा. माळा आवरणं फक्त डेक्साच्या दिवसांत आणि बाकीचे दोन आठवडे माणूस पहिल्यासारखा, असं असेल तर गोळीकडेच बोट जातं. पण एक बाजू लुळी पडणं, बोलताना अडखळणं, सकाळी उठल्या उठल्या प्रचंड डोकं दुखणं, फिट येणं असलं काही असेल तर ते डेक्साच्या माथी मारायचं नाही.

आणि हो, स्वतःच्या मनाने डेक्सा बंद करायचं नाही. काही केमोत, पॅक्लिटॅक्सेल वगैरे, ते ॲलर्जी होऊ नये म्हणूनही दिलेलं असतं.

प्रश्न : वडिलांचं वय 71, अन्ननलिकेचा कॅन्सर. डिस्चार्जच्या कागदावर रात्री झोपताना ओलांझापिन लिहिलंय. नेटवर बघितलं तर स्किझोफ्रेनियाचं औषध! केमिस्टने पण विचारलं पेशंट मेंटल आहे का म्हणून. आम्हाला न सांगता बाबांना मानसिक रुग्णाची गोळी देणं हे योग्य आहे का? एक दिवस दिली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोपून होते, बाथरूमला जाताना धडपडले. आता बंद केलीये. — मुलगा, पुणे

उत्तर : राग समजू शकते, कारण तुम्हाला आधी कुणीतरी दोन वाक्यं बोलायला हवी होती. गोळी लिहून कागद हातात देणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मी आमच्याकडेही सारखं म्हणत असते.

पण गोळी चुकीची नाहीये. ओलांझापिन मानसिक आजारांसाठी आलं हे खरं, पण मेंदूतल्या ज्या ज्या ठिकाणी मळमळीचा निरोप पोचतो त्यातली बरीच ठिकाणं ते एकटंच बंद करतं, डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन सगळं. 2016 मधे अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, नेहमीच्या तीन औषधांत (ऑन्डॅन्सेट्रॉनच्या जातीचं एक, डेक्सा आणि ॲप्रेपिटंट) हे चौथं घातलं तर नुसती उलटी नाही, मळमळ सुद्धा कमी होते असं दिसलं, आणि मळमळच तर बाकीच्या गोळ्यांना दाद देत नाही. तेव्हापासून जास्त उलटी होणाऱ्या केमोत जगभर हे देतात, फक्त तीन-चार रात्री. त्यातून बाबांना कुणी वेडं ठरवलेलं नाही, आणि केमिस्टच्या काउंटरवर चार लोकांसमोर असं विचारणं हा त्याचा आगाऊपणा झाला.

झोपेचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आणि तुमच्या बाबांच्या वयाला तर गंभीर, कारण 71 व्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडलं तर केमो राहते बाजूला. इथे आपल्या मुंबईच्याच टाटा मेमोरियलचं काम उपयोगाला येतं. तिथल्या डॉक्टरांनी 275 पेशंटचे दोन गट केले, एकाला नेहमीचं 10 मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला फक्त 2.5, आणि 2024 मधे ते लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या कॅन्सरवरच्या डॉक्टरी मासिकात छापून आलं. उलटी दोन्हीकडे सारखीच आवरली, पण पहिल्या दिवशी अगदी जबर गुंगी 10 वाल्यांत शंभरातल्या 40 जणांना होती आणि 2.5 वाल्यांत 5 जणांना. म्हणजे गोळीचा चौथा भाग घेऊन काम तेवढंच. तेव्हा स्ट्रिपवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते आज बघा आणि उद्या डॉक्टरांना सरळ विचारा की कमी डोस चालेल का. जोडीला झोपेची दुसरी कुठली गोळी चालू असेल तर ती सांगा. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा, उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसायचं मग उभं राहायचं, कारण बीपी पण खाली येतं. गाडी चालवायची नाही. शुगर थोडी वाढू शकते. वजन वाढतं असं नेटवर वाचलं असेल, ते महिनोन् महिने घेणाऱ्यांचं, चार रात्रींनी काही होत नाही, आणि खरं सांगू, अन्ननलिकेच्या पेशंटचं दोन किलो वजन वाढलं तर आम्ही पेढे वाटू.

प्रश्न : माझा भाऊ 21 वर्षांचा आहे, मानेतल्या गाठींचा कॅन्सर, लिम्फोमा. केमो घेऊन गावी आलो, रात्री उलट्या थांबेनात म्हणून गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. उलटी थांबली पण पहाटे त्याची मान एका बाजूला वळली ती सरळ होईना, डोळे वर गेले, जीभ बाहेर, जबडा आवळला, बोलता येईना पण शुद्धीवर होता, डोळ्यातनं पाणी येत होतं. घरात रडारड, आजी म्हणाली बाहेरचं आहे, लिंबू उतरवलं, अंगारा लावला. तालुक्याला नेलं तर एक सुई दिली आणि वीस मिनिटांत मान सरळ. हे काय होतं? परत होईल का? — एक भाऊ, जळगाव जिल्हा

उत्तर : तुझ्या भावाला जे झालं ते बघणाऱ्याचा थरकाप उडवतं, पण त्यात बाहेरचं काही नाही आणि फिट पण नाही. फिटमधे माणसाची शुद्ध जाते, हा शुद्धीवर होता, हे तू नीट बघितलंस ते फार बरं केलंस. ते इंजेक्शन बहुतेक मेटोक्लोप्रमाइड असणार, किंवा प्रोक्लोरपेराझिन. स्वस्त, जुनी, प्रत्येक छोट्या दवाखान्यात असणारी औषधं. ती मेंदूतलं डोपामिन अडवतात, त्याने उलटी थांबते, पण स्नायू आखडणं-सैल होणं याचा तोल पण डोपामिनच सांभाळतं, तो गेला की मान, जबडा, जीभ, डोळे आपोआप ओढले जातात. तरुण मुलांना आणि बायकांना हे जास्त होतं, औषध दिल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत. उतारा म्हणजे प्रोमेथाझिन किंवा त्याच जातीतली सुई, आणि नंतर एक-दोन दिवस गोळ्या, कारण मूळ औषध अंगात असेपर्यंत परत ओढ येऊ शकते.

परत होऊ शकतं, त्याला तेच औषध परत दिलं तर. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडून त्या इंजेक्शनचं नाव लिहून घे, केमोच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने "हे औषध देऊ नये, मान वाकडी झाली होती" असं लिही आणि त्याच्या मोबाईलच्या कव्हरमधे पण एक चिठ्ठी ठेव. ऑन्डॅन्सेट्रॉनच्या जातीची औषधं डोपामिनला हात लावत नाहीत, ती त्याला चालतात. पुढच्या केमोला जाशील तेव्हा घरी न्यायची औषधं आणि रात्री उलटी झाली तर गावातल्या डॉक्टरांनी काय द्यायचं हे त्यांच्याचकडून एका कागदावर लिहून आण. आजीने लिंबू उतरवलं त्याचं काही नाही, तिचा जीव तुटत होता, फक्त गाडी आधी काढायची आणि लिंबू गाडीत उतरवायचं.

याच औषधाचा एक गुपचूप त्रास पण आहे. मान वळत नाही, पण माणसाला एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात, सलाईन उपसून पळावंसं वाटतं. बघणाऱ्याला वाटतं केमोला घाबरला. इंजेक्शन झरकन ढोसलं की हे जास्त होतं, बाटलीतून सावकाश सोडलं की कमी. युरोपातल्या औषध नियामकांनी 2013 मधेच सांगितलंय की मेटोक्लोप्रमाइड पाच दिवसांच्या वर द्यायचं नाही. आपल्याकडे महिनाभर चालू असलेली मी बघितलीये. तोंडाची-ओठांची आपोआप चाळवाचाळव सुरू झाली आणि जास्त दिवस औषध चालूच राहिलं तर ती कायमची मागे लागू शकते, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून परत परत आणू नका.

प्रश्न : नाव-गाव छापू नका प्लीज. केमोच्या आधी एक सुई देतात तेव्हा मला "तिथे" एकदम हजार मुंग्या चावल्यासारखी आग होते, मिनिटभर. लाजेने कुणाला बोलले नाही. मला वाटलं मलाच काहीतरी वेगळा रोग आहे.

उत्तर : काही रोग नाही. परत डेक्साच. शिरेतून पटकन दिलं की असं होतं, पुरुषांनाही होतं, आपोआप जातं, मागे काही राहत नाही. पुढच्या वेळी सिस्टरला फक्त एवढंच म्हणा, "डेक्सा हळू द्या, मला आग होते." छोट्या सलाईनमधे घालून पाच-दहा मिनिटांत सोडलं की संपलं. तिला लगेच कळेल, तुम्हाला पुढे काही सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मी 29 वर्षांची आहे, लिम्फोमाची केमो चालू आहे, गर्भनिरोधक गोळ्या आधीपासून घेते. उलटीच्या औषधांचा आणि त्याचा काही संबंध आहे का? डॉक्टर पुरुष आहेत, विचारायला ऑकवर्ड होतं. — ठाणे

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. ॲप्रेपिटंटच्या कॅप्सूल किंवा त्याचंच सलाईनमधलं रूप फोसॲप्रेपिटंट यामुळे लिव्हर गर्भनिरोधक गोळीचं औषध लवकर संपवून टाकतं, म्हणून ते घेताना आणि शेवटच्या डोसनंतर एक महिना त्या गोळीवर विसंबायचं नाही. दर 21 दिवसांनी किंवा पंधरा दिवसांनी केमो म्हणजे सगळा ट्रीटमेंटचा काळच त्यात गेला. शिवाय गोळी उलटीत पडते ते वेगळंच. केमोत दिवस राहणं फार धोक्याचं, त्यामुळे कंडोम तर हवाच, बाकी काय ते डॉक्टरांशी बोला, ऑकवर्ड वाटत असेल तर तिथल्या सिस्टरला सांगा, ती फाईलवर लिहून पुढे सरकवेल. रक्त पातळ करायचं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पण ऐका, ॲप्रेपिटंटनंतर साधारण सात ते दहा दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासून घ्यायचा, तो खाली आलेला असू शकतो.

प्रश्न : काकांची दोन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झालीये, आता आतड्याच्या कॅन्सरची केमो. प्रत्येक वेळी आधी ईसीजी काढायला लावतात, पैसे काढायचा धंदा आहे का? — बेळगाव

उत्तर : नाही हो, हा ईसीजी कामाचा आहे. ऑन्डॅन्सेट्रॉनने हृदयाच्या दोन ठोक्यांमधला सावरायचा वेळ थोडा लांबतो, ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही, पण हृदय आधीच दुबळं, वर जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम-मॅग्नेशियम खाली आलेलं, अशात तो फार लांबला तर ठोके बिघडतात. याच कारणाने अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकांनी, 2012 मधे शिरेतून एकदम 32 मिलिग्रॅम द्यायचा डोस बंद करायला लावला.

तुम्ही घरी करायचं काम वेगळंच आहे. काकांची ॲसिडिटीची कॅप्सूल आणा आणि नावापुढे "डी" किंवा "डीएसआर" आहे का बघा. असेल तर त्यात बहुतेक डॉम्परिडोन मिसळलेलं आहे, ते पण उलटीचंच औषध आणि तेही क्यूटी लांबवतं, म्हणजे नकळत दोन-दोन चालू. ही कॅप्सूल आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारखी खातात. शिवाय ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, नैराश्याच्या काही गोळ्या, यांची पण तीच खोड. सगळ्या स्ट्रिपा, हार्टवाल्या डॉक्टरांच्या धरून, एका पिशवीत घालून केमोला न्या. हृदयाच्या पेशंटला पॅलोनोसेट्रॉन देणं बरं पडतं असं पुष्कळ डॉक्टर मानतात, विचारून बघा. मधेच घेरी येऊन पडले किंवा छातीत फडफड झाली तर तडक हॉस्पिटल.

प्रश्न : सांगलीहून मुंबईला केमोला येतो. आता तर दादरला उतरलं की मिसेसना उलटी सुरू, अजून सुई टोचलेली पण नसते. डॉक्टरांनी लोराझेपाम दिलीये, ती घेतली की तिला आदल्या दिवशीचं आठवतच नाही, मी घाबरलो.

उत्तर : पहिल्या एक-दोन केमोला उलटी नीट आवरली नाही की शरीर ती जागा, तो वास लक्षात ठेवतं आणि आधीच ओकायला लागतं. याला उलटीच्या नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, म्हणून लोराझेपाम, भीती उतरवणारी गोळी. विसरायला होणं हा तिचा गुणच आहे, त्या दिवसापुरतं असतं, मेंदूला इजा नाही. पण झोक जातो, म्हणून स्टेशनच्या जिन्यावर हात धरून चला आणि ओलांझापिन पण चालू असेल तर दोन्ही एकत्र किती द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं. रोजची सवय करून घ्यायची नाही. आणि डॉक्टरांना हे सांगाच की मागच्या केमोनंतर घरी किती दिवस उलटी-मळमळ होती, कारण खरा उपाय तिथे आहे, मागची औषधं कमी पडली होती म्हणजे ती बदलायला हवीत. लोक पुढच्या केमोला येऊन "होतं थोडंफार" म्हणतात आणि आम्ही मागचंच परत लावतो.

प्रश्न : आलं-लिंबू, आवळा सुपारी चालते का, म्हणजे गोळ्या कमी करता येतील? आणि गोळी घेतल्या घेतल्या उलटीत पडली तर परत द्यायची का? — रत्नागिरी

उत्तर : आल्याचा तुकडा, लिंबाची फोड, आवळा सुपारी, कोकमाचं पातळ सरबत, सगळं चालतं, तोंड आलं नसेल तर. आंबट-तिखट फोडांवर झोंबतं. पण ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आल्याचे काढे, सुंठीच्या कॅप्सूल असं जास्त प्रमाणात काही घ्यायचं नाही, चहातलं आलं चालतं.

गोळी उलटीत अख्खी दिसली किंवा घेऊन अर्धा तासही झाला नसेल तर ऑन्डॅन्सेट्रॉनची बहुधा परत देतात, तरी एक फोन करून घ्या. तास उलटून गेला असेल तर परत नाही, पुढच्या वेळेचीच. डेक्सा आणि ओलांझापिन मात्र फोन केल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. जिभेवर विरघळणारी गोळी असेल तर हात कोरडे करून वेष्टन सोला, दाबून बाहेर काढली की चुरा होतो, आणि जिभेवर ठेवून विरघळू द्या, वर घटाघटा पाणी प्यायची गरज नाही, मळमळणाऱ्या माणसाला तेच पाणी उलटून पडतं.